पोलिसांची बिनतारी आणि आपली रहस्यकथा

मराठी रहस्यकथेतले पोलीस बहुधा उशिरा येतात. नायकाने गुन्हेगाराला चीत केलेले असते, पिस्तूल दूर उडालेले असते, दोर आवळून झालेला असतो. मग शिट्ट्या वाजतात, जीप थांबते आणि इन्स्पेक्टरसाहेब आत येतात. ते कोणाच्या निरोपावरून आले, तो निरोप कोणी, कोणाला व कोणत्या शब्दांत दिला, याची विचारपूस वाचक करीत नाही आणि लेखकही ते सांगण्याच्या भरीस पडत नाही. सांगितलेच तर ‘हॅलो, हॅलो, कंट्रोल! खुनी पळाला! ओव्हर अँड आउट!’ एवढे उद्गार पात्राच्या तोंडी घालून तो मोकळा होतो.

प्रस्तुत लेखात आम्हांला या एका ओळीचाच विचार करावयाचा आहे. विषय प्रथमदर्शनी किरकोळ वाटेल. परंतु या ओळीमागे शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात माणसांचे जीव वाचले आहेत, तसे गेलेही आहेत. शहरातल्या वाचकाला हे सहसा जाणवत नाही. तेथे हाकेच्या अंतरावर पोलीस चौकी असते. आपल्याच पालघर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, मोखाड्याच्या डोंगरात, निरोप पोहोचणे आणि न पोहोचणे यांतले अंतर फार मोठे असते. म्हणून हा विचार आम्ही मोखाड्याला डोळ्यांसमोर ठेवून करणार आहोत.

वर्दीपासून बिनतारीपर्यंत

जव्हार आणि मोखाडा ही नावे आज आपण जोडीने उच्चारतो. पण १९४८ पर्यंत त्यांचे राज्य एक नव्हते. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते, तर मोखाडा ब्रिटिशांच्या ठाणे जिल्ह्यात मोडत असे. एका बाजूला संस्थानचा शिपाई, दुसऱ्या बाजूला सरकारचा. मधल्या जंगलाला ही सीमा ठाऊक नव्हती. अपराध्याला मात्र ती नेमकी ठाऊक असे. त्या काळात गुन्ह्याची बातमी पायांनी चाले. १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने गावच्या पोलीस पाटलावर जबाबदाऱ्या टाकल्या होत्या आणि त्यांत गुन्ह्याची खबर वर कळविणे ही प्रमुख होती. हा कायदा जाऊन १९६७ साली महाराष्ट्राचा स्वतःचा ग्राम पोलीस कायदा आला, तरी पाटलाची ही जबाबदारी कायम राहिली. पाटील माणूस धाडी, माणूस ठाण्यावर जाऊन ‘वर्दी’ देई, ठाणे अंमलदार ती डायरीत उतरवी. वर्दी देणारा जे सांगे ते त्याच्या बोलीत असे, लिहिणारा ते सरकारी मराठीत लिही. मधल्या वाटेत किती शब्द गळले आणि किती नवे चिकटले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

निरोप चुकीचा असला तर काय होते, याचे सर्वांत दारुण उदाहरण याच जिल्ह्याने पाहिले आहे. १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये, वारल्यांचा लढा ऐन भरात असताना, गोदावरी परुळेकरांची सभा आहे आणि त्यांच्या जिवाला धोका आहे असा खोटा निरोप पाड्यापाड्यांतून पसरला. रातोरात हजारो आदिवासी तलवाड्यास जमले. जमावावर पोलिसांचा गोळीबार झाला आणि त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात गोदावरीबाईंनी त्या लढ्याची हकिकत सांगितली आहे. ज्याच्याकडे खातरजमा करावी असा निरोप्या त्या रात्री नव्हता. कोणी कोणाला उलट प्रश्न विचारला नाही, आणि विचारण्याचे साधनही नव्हते.

बाहेरच्या जगात तोवर बिनतारी यंत्र पोलिसांच्या सेवेत रुजू झाले होते. १९१० साली लंडनच्या डॉ. क्रिपेनवर पत्नीच्या खुनाचा आरोप आला. वेषांतर करून तो ‘माँट्रोझ’ नावाच्या बोटीने कॅनडाकडे निघाला असता बोटीच्या कप्तानाने त्याला ओळखून बिनतारी संदेश पाठविला. पोलीस अधिकारी अधिक वेगवान बोटीने आधीच पलीकडे जाऊन उभा राहिला आणि क्रिपेन पकडला गेला. ही कथा कोणा रहस्यकथाकाराने रचलेली नाही, ती घडलेली आहे. आणि तिच्यात साऱ्या जगाने वृत्तपत्रांतून वाचलेली गोष्ट एकट्या आरोपीला ठाऊक नव्हती, हे तिचे नाट्य आहे. पुढे १९२८ साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या पोलीस गाड्यांत नियमितपणे बिनतारी बोलू लागली. पण ती एकमार्गी होती: गाडीतल्या शिपायाला ऐकू येई, बोलता येत नसे. निरोप मिळाला हे कळविण्यासाठी त्याला रस्त्यावरचा टेलिफोन गाठावा लागे. गाडीतून उत्तर देण्याची सोय न्यू जर्सीतील बायोन येथे १९३३ मध्ये झाली.

मुंबईच्या पोलिसांचे बिनतारीशी नाते सांगताना १९४२ विसरून चालणार नाही. त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांनी तो पकडला. दरम्यानच्या काळात पोलीस खात्याची माणसे कान लावून ते कार्यक्रम ऐकत होती आणि शब्द न् शब्द लिहून घेत होती. राज्यकर्त्यांच्या पोलिसांनी खटल्यासाठी केलेली ती टिपणे आज स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासाचे साधन झाली आहेत. पोलिसाचा कान हा इतिहासकाराचाही कान असतो, ही गोष्ट येथे प्रथम ध्यानात येते. पुढे आपल्याला तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

१९४६ साली देशभरातील पोलीस बिनतारीचा मेळ घालणारे केंद्रीय कार्यालय स्थापन झाले. राज्याराज्यांत बिनतारी विभाग उभे राहिले. महाराष्ट्राच्या विभागाचे मुख्यालय पुण्यास आहे. वर्दी आता पायांनी न चालता हवेतून जाऊ लागली.

‘पीटर’ कोण आणि ‘रॉजर’ कोण?

मुंबई पोलिसांच्या बिनतारीवर ‘पीटर’ हे नाव वारंवार कानी येते. आमच्या वाचकांच्या घरोघरी एखादा पीटर असेल. पण हा पीटर कोणी माणूस नव्हे आणि संतही नव्हे. ते गस्ती गाडीचे संबोधन आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व अमेरिकन सैन्याने इंग्रजी अक्षरांना शब्द लावून दिले होते, कारण खरखरणाऱ्या यंत्रावर बी, सी, डी, पी ही अक्षरे सारखीच ऐकू येतात. त्या वर्णमालेत ए म्हणजे ‘एबल’, बी म्हणजे ‘बेकर’, के म्हणजे ‘किंग’ आणि पी म्हणजे ‘पीटर’. १९५६ साली ही वर्णमाला बदलली आणि पीचा ‘पापा’ झाला. जगभरची सैन्ये नव्या शब्दांकडे वळली; मुंबईच्या रस्त्यावरचा पीटर मात्र पीटरच राहिला. महायुद्ध संपून इतकी वर्षे लोटली तरी त्याचा एक शब्द अजून गिरगावात आणि कुलाब्यात गस्त घालतो आहे.

‘रॉजर’ची कुळकथाही तीच. त्या वर्णमालेत आर म्हणजे ‘रॉजर’, आणि ‘रिसीव्ह्ड’ याचे आद्याक्षर आर. म्हणून ‘रॉजर’ म्हणजे ‘तुमचा संदेश मिळाला’. एवढेच. ‘होय’ असा त्याचा अर्थ नाही आणि ‘तसे करतो’ असाही नाही. ‘ओव्हर’ म्हणजे माझे बोलणे संपले, आता तुम्ही बोला. ‘आउट’ म्हणजे संभाषण संपले, उत्तराची अपेक्षा नाही. तेव्हा ‘ओव्हर अँड आउट’ हे चित्रपटांनी लोकप्रिय केलेले वाक्य म्हणजे ‘बोला, पण बोलू नका’ असे म्हणण्यासारखे आहे. बिनतारीवर ज्याने नोकरी केली त्याला ते कथेत वाचताच लेखक कधी ठाण्यात बसलेला नाही हे कळते.

अमेरिकन चित्रपटांतून आलेला दुसरा पाहुणा म्हणजे ‘टेन-फोर’. आकड्यांचे हे संकेत १९३७ च्या सुमारास इलिनॉय राज्यात तयार झाले. त्यामागचे एक कारण मोठे मनोरंजक आहे. जुन्या प्रक्षेपकाला बटण दाबल्यावर पूर्ण शक्तीवर यायला क्षणभर वेळ लागे आणि पहिला शब्द गिळला जाई. म्हणून प्रत्येक संदेशाच्या आरंभी ‘टेन’ हा गिळला गेला तरी चालेल असा शब्द ठेवला. १९५५ नंतर ‘हायवे पॅट्रोल’ या दूरचित्रवाणी मालिकेने तो घरोघरी पोहोचविला. पुढे निरनिराळ्या शहरांच्या पोलिसांत एकाच आकड्याचे निरनिराळे अर्थ होऊन बसले, आणि मोठ्या आपत्तींत एकमेकांचे बोलणे एकमेकांस कळेना. तेव्हा २००६ पासून तेथील केंद्र सरकारनेच संयुक्त कामात साध्या भाषेचा आग्रह धरला. ज्यांनी संकेत घडविले ते साध्या बोलण्याकडे परतले असताना आमच्या कथेतल्या हवालदाराने ‘टेन-फोर’ म्हणावे, यात काही अर्थ नाही.

डोंगराचा अडसर

आता मोखाड्याकडे वळू. पोलिसांची बिनतारी मुख्यतः ज्या लहरींवर चालते त्या सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की पलीकडे छाया पडते. म्हणून उंच जागी पुनःप्रक्षेपक बसवावा लागतो: तो एका बाजूचे बोलणे ऐकून दुसऱ्या बाजूला पोहोचवितो. सपाट वसई-विरारमध्ये जे यंत्र सहज बोलते तेच वैतरणा, वाघ आणि पिंजाळ नद्यांच्या खोऱ्यांत उतरल्यावर मुके होते. सूर्यमाळच्या उंचीवरून स्पष्ट ऐकू येणारा आवाज दोन वळणे खाली उतरताच तुटू लागतो. अशा प्रदेशात पोलिसाने पहिली गोष्ट करावयाची ती बोलण्याची नव्हे, जागा शोधण्याची. गाडी थोडी पुढे घ्यायची, चढावर उभी करायची, मग बटण दाबायचे. रहस्यकथाकाराच्या दृष्टीने ही केवढी संपत्ती आहे! गुन्हेगार समोर असावा आणि आवाज पोहोचण्यासाठी त्याच्याकडे पाठ करून टेकडी चढावी लागावी, याहून कठीण निवड कोणत्या पात्रापुढे ठेवता येईल?

दुसरा अडसर ध्वनीचा आहे. बिनतारीच्या अरुंद वाटेतून स्वर बऱ्यापैकी पार होतात, व्यंजने मात्र झिजतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांचा तर चोथा होतो. मोखाडा तालुक्यात बेरिस्ते आणि किनिस्ते अशी दोन गावे आहेत. कागदावर ती अगदी वेगळी दिसतात. खरखरीतून ऐकू येते ते फक्त शेवटचे ‘…इस्ते’. आसे आणि चास ही आणखी दोन. खुद्द मोखाडा आणि खोडाळा ही नावेही अर्धवट ऐकली तर एकमेकांत मिसळतात. भरीला पाडे आहेत. पाटीलपाडा, भोईरपाडा अशी नावे या जिल्ह्यात कितीतरी ठिकाणी सापडतील. नुसता ‘पाटीलपाडा’ म्हणणे म्हणजे काहीच न सांगणे होय. ग्रामपंचायत सांगावी लागते, जवळचा नाका सांगावा लागतो, नदीच्या अलीकडे की पलीकडे हे सांगावे लागते.

तिसरा अडसर आपल्या भाषेचाच आहे, आणि त्याकडे मराठी लेखकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. मराठीत एककाचा आकडा आधी येतो आणि दशकाचा मागून. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, सदुसष्ट आणि सत्याहत्तर, त्रेपन्न आणि त्रेसष्ट: शब्दाचा शेवट जरा पुसला की गाडीचा क्रमांक बदलला. म्हणून बिनतारीवर आकडे सुटे सुटे बोलावे लागतात: पाच, नऊ. पुष्कळदा ते इंग्रजीत बोलले जातात: फाइव्ह, नाइन. येथे इंग्रजीचा वापर ऐटीसाठी नसून गरजेपोटी आहे. अक्षर पटवून द्यावयाचे झाले की आपला माणूस शाळेतल्या तक्त्याकडे वळतो: ‘क कमळातला, ब बदकातला’. ज्या संवादात ‘लोकेशन’, ‘नोट करा’, ‘नाकाबंदी’, ‘घटनास्थळ’ आणि ‘बदकातला ब’ एकत्र नांदतात, तो संवाद खरा महाराष्ट्रीय पोलिसाचा. शुद्ध मराठी किंवा शुद्ध इंग्रजी, दोन्ही तेथे परकी ठरतात.

रहस्यकथेने काय ऐकले

या साऱ्यातले आपल्या रहस्यकथेत किती उतरले? आपल्या रहस्यकथेचा मेरुमणी आपल्याच किनाऱ्याचे नाव लावणारा होता, ही अभिमानाची गोष्ट आहे. चंद्रकांत सखाराम चव्हाण म्हणजेच बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६). त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय ही नावे दोन पिढ्यांच्या ओठी होती. अर्नाळकरांनी लाखो मराठी माणसांना वाचनाची गोडी लावली आणि त्यांचे ते ऋण मोठे आहे. पण त्यांच्या कथेचे बळ नायकाच्या धाडसात व घटनेच्या वेगात होते. पोलीस खात्याचे दैनंदिन काम तिच्या कक्षेत मोठेसे येत नव्हते. ज्या काळात ती कथा घडली त्या काळात कमरेला लावण्याचा बिनतारी संच शिपायाकडे नव्हताच, हेही लक्षात घ्यावयास हवे. नंतरच्या पिढीत गोमंतकाच्या गुरुनाथ नाईकांनी आणि पुण्याच्या सुहास शिरवळकरांनी हा प्रकार पुढे नेला; त्यांचेही नायक बहुधा खात्याच्या चाकोरीबाहेरचे.

चाकोरीतला पोलीस मराठी मनापुढे आला तो वेगळ्या वाटेने. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून गोविंद निहलानी यांनी १९८३ साली ‘अर्धसत्य’ हा हिंदी चित्रपट केला. पटकथा विजय तेंडुलकरांची. ठाण्यातल्या फौजदाराचे रोजचे जिणे, त्याची घुसमट, वरिष्ठांचा दाब यांचे इतके सच्चे चित्र त्यापूर्वी क्वचितच दिसले होते. त्यानंतर त्याच दशकात मुंबई दूरदर्शनवर बी. पी. सिंग यांची ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका आली. शिवाजी साटम व दीपक शिर्के तिच्यात होते. शंभर हा नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी क्रमांक मालिकेचे नाव व्हावा, यातच एक क्रांती होती: नायकाच्या घराऐवजी कथेचा आरंभ कक्षात वाजणाऱ्या घंटीपासून होऊ लागला. अमेरिकेत हेच काम जॅक वेब यांच्या ‘ड्रॅगनेट’ने १९४९ पासून, आधी नभोवाणीवर व मग दूरचित्रवाणीवर, केले होते. लॉस एंजेलिस पोलिसांच्या सहकार्याने तयार झालेल्या त्या मालिकेने एक साधी गोष्ट सिद्ध केली: निर्विकार, मोजके, कामापुरते बोलणे हे आरडाओरड्यापेक्षा अधिक चित्तवेधक असते.

२६ नोव्हेंबरची नोंद

तरीही बिनतारीची खरी भाषा सामान्य मराठी वाचकाला कळली ती कथेतून नव्हे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला. कामा रुग्णालयाजवळील रंगभवनच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर हे तीन अधिकारी पोलीस गाडीत असताना मारले गेले. त्यांच्यासोबतच्या शिपायांपैकी अरुण जाधव हे एकटे वाचले. हल्लेखोरांनी तीच गाडी पळविली, तेव्हा जखमी जाधव मागच्या बाजूस सहकाऱ्यांच्या देहांमध्ये निपचित पडून होते. गाडीचे चाक निकामी होऊन हल्लेखोर ती सोडून गेल्यावर त्यांनी मोठ्या कष्टाने बिनतारी संच गाठला आणि घडलेले नियंत्रण कक्षास कळविले. हल्लेखोरांनी दुसरी मोटार बळकावली होती. कक्षाकडून तिची खबर मिळाल्यावर गिरगाव चौपाटीवर नाकाबंदीतील पोलिसांनी ती अडविली. तेथे तुकाराम ओंबळे यांनी प्राण दिले आणि कसाब जिवंत हाती लागला.

त्या रात्रीच्या बिनतारी संभाषणाची नोंद पुढे वीरपत्नी विनीता कामटे यांनी माहितीच्या अधिकाराखाली मिळविली. आपल्या पतीला तेथे कोणी बोलाविले, मदत केव्हा मागितली गेली, ती का पोहोचली नाही, हे प्रश्न त्यांनी त्या नोंदीच्या आधारे विचारले. २००९ साली त्यांचे ‘टू द लास्ट बुलेट’ हे पुस्तक विनीता देशमुख यांच्या सहकार्याने प्रसिद्ध झाले. राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीनेही त्या रात्रीच्या पोलीस प्रतिसादाची तपासणी केली. त्या वादाच्या निवाड्यात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. आम्हांला येथे इतकेच दाखवावयाचे आहे की बिनतारीवर बोललेला शब्द हवेत विरून जात नाही. त्याला वेळ असते, बोलणारा असतो, ऐकणारा असतो. १९४२ साली पोलिसांनी दुसऱ्यांचे बोलणे लिहून घेतले आणि त्याचा इतिहास झाला. २००८ साली पोलिसांचे स्वतःचे बोलणे नोंदले गेले आणि एका विधवेच्या हातात ते साक्षीदार म्हणून आले.

आणि ही नोंद म्हणजे कोणती भाषा? स्थळ, संख्या, दिशा, मागणी. तीच ती छोटी वाक्ये, पुन्हा पुन्हा. ज्या प्रसंगावर कादंबरीकार पाने भरून विशेषणे लिहील, तो प्रसंग तेथे चार शब्दांत येतो. त्या चार शब्दांच्या मागेपुढे जे मौन आहे त्यातच सारा आकांत आहे.

लेखकाने काय ऐकावे

आता प्रत्यक्ष लेखनाकडे येऊ. खालील संवाद आम्ही केवळ नमुन्यादाखल रचला आहे. तो कोणत्याही नोंदवहीतला नाही.

‘मोखाडा, मोखाडा. खोडाळा बोलतोय.’

‘बोला, खोडाळा.’

‘किनिस्त्याच्या पुढे जीप उलटलीय. जखमी दोन. ओव्हर.’

‘बेरिस्ते की किनिस्ते? पुन्हा सांगा.’

‘किनिस्ते. क कमळातला. किनिस्ते.’

‘किनिस्ते. जखमी किती?’

‘दोन. एक बोलत नाही.’

‘जखमी दोन. नोट केलं. वेळ दोन दोन, चार शून्य.’

या संवादात कोणी ‘अरे देवा’ म्हटलेले नाही, कोणाचा आवाज कापलेला नाही. तरीही ‘एक बोलत नाही’ या तीन शब्दांवर वाचक थबकतो. ठाण्यातला माणूस त्यावर काहीही म्हणत नाही, आकडा पुन्हा उच्चारतो आणि वेळ सांगतो. त्याचे हे न बोलणे म्हणजे निर्दयपणा नव्हे. त्याच वाटेवरून दुसरा कोणी बोलू पाहत असेल. वाट अडवून ठेवण्याचा अधिकार दुःखालाही नाही, हे त्याला नोकरीने शिकविलेले असते.

या नमुन्यावरून तीन गोष्टी ध्यानात येतील. पहिली, आधी ज्याला हाक मारायची त्याचे नाव येते, मग आपले. टेलिफोनवर दोघेच असतात. बिनतारीवर अनेकजण कान देऊन असतात, म्हणून कोणासाठी बोलणे आहे ते आधी सांगावे लागते. या अनेक कानांचे भान कथाकाराने सोडू नये: वरिष्ठ ऐकतो आहे, हेवा करणारा सहकारी ऐकतो आहे, ज्याच्या भावाविषयी बातमी आहे तो शिपाईही ऐकतो आहे. दुसरी, एका वेळी एकालाच बोलता येते. दोघांनी एकदम बटण दाबले तर दोघांचेही बोलणे फुकट जाते. रहस्यकथेत गुंता निर्माण करण्यासाठी तारा तोडणारा खलनायक आणावा लागत नाही. दोन प्रामाणिक माणसांची घाई पुरेशी असते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, ऐकणारा ऐकलेले परत म्हणतो. ही पुनरुक्ती लेखकांना कंटाळवाणी वाटते आणि ते ती प्रथम कापून टाकतात. वस्तुतः तीच या भाषेचा कणा आहे. ‘मी ऐकले’ एवढे म्हणणे पुरे नाही. ‘मी काय ऐकले’ ते सांगावे लागते, म्हणजे चूक असेल तर तेथल्या तेथे सुधारता येते.

काळाचेही भान हवे. स्वातंत्र्यपूर्व मोखाड्याची कथा लिहिणाऱ्याने निरोप चालत न्यावा. साठ-सत्तरच्या दशकातल्या कथेत तार यावी, टेलिफोनचा ट्रंक कॉल तासन् तास लागू नये. तारेची सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा त्यानंतरच्या कथेत तार नको. आजच्या कथेत शंभरच्या जोडीला ११२ हा क्रमांक आहे आणि सर्वांच्या खिशात मोबाईल आहे; परंतु मोखाड्याच्या दरीत मोबाईललाही तोच डोंगर आडवा येतो. शिवाय १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला, आणि २०२० पासून वसई-विरार मीरा-भाईंदरसोबत स्वतंत्र पोलीस आयुक्तालयाखाली गेले. म्हणजे अर्नाळकरांचे अर्नाळा आणि आमचे मोखाडा एकाच जिल्ह्यात असूनही दोन वेगळ्या पोलीस प्रमुखांच्या अखत्यारीत आहेत. असे तपशील कथेला जड करीत नाहीत. ते तिला जमीन देतात.

निरोपाची जबाबदारी

कोणी म्हणेल, करमणुकीच्या वाङ्मयाकडून एवढी अपेक्षा कशाला? आमचे उत्तर असे की बहुसंख्य लोकांना पोलीस भेटतो तो प्रथम कथेत आणि पडद्यावर. तेथे जर निरोप म्हणजे एक आरोळी आणि लगेच धावून आलेली गाडी असे चित्र असेल, तर प्रत्यक्षात ‘नेमके कोठे? पुन्हा सांगा’ असे विचारणारा हवालदार त्याला मंद किंवा बेपर्वा वाटतो. वास्तविक तो त्या क्षणी आपले सर्वांत मोलाचे काम करीत असतो.

दूरच्या डोंगरातली बातमी ऐकणारा कान नसला तर काय होते, हे १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत बालके दगावली तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. आणि बातमी पडताळणारा कोणी नसला तर काय होते, हे याच जिल्ह्यातील गडचिंचले येथे १६ एप्रिल २०२० च्या रात्री पुन्हा दिसले. टाळेबंदीच्या त्या दिवसांत मुले पळविणाऱ्या चोरांच्या अफवा परिसरात पसरल्या होत्या. दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक, असे तीन निरपराध जीव जमावाने घेतले. तलवाड्याच्या वेळी निरोप तोंडोतोंडी गेला होता, पाऊणशे वर्षांनी तो मोबाईलवरूनही फिरला. वेग वाढला होता. उलट प्रश्न विचारणारा मात्र पूर्वीही नव्हता आणि तेव्हाही नव्हता.

अफवा आणि बिनतारी संदेश यांत भेद काय? दोन्ही हवेतूनच येतात. पण अफवेला पाठविणारा नसतो, वेळ नसते, आणि ‘पुन्हा सांगा’ म्हटले तर ती पुन्हा सांगताना वाढते. संदेशाला नाव असते, वेळ असते, आणि पुन्हा सांगताना तो अधिक नेमका होतो. आपल्या एखाद्या तरुण लेखकाने मोखाड्याच्या पार्श्वभूमीवर रहस्यकथा लिहावयास घेतली, तर तिच्यात त्याने एवढे एक वाक्य अवश्य ठेवावे, अशी आमची त्याला सूचना आहे. ते वाक्य नायकाचे नसेल. ठाण्यातल्या लाकडी टेबलाशी, रात्रपाळीला बसलेल्या, नाव नसलेल्या हवालदाराचे असेल: ‘बेरिस्ते की किनिस्ते? पुन्हा सांगा.’